साठ वॅट

मारीका टार्टूहून खोकं घेऊन आली.
चोवीस दिवे, पुठ्ठ्याच्या खाचांत अंड्यांसारखे;
वजन नाही, काच नाही, आत तार नाही.
"आई, नऊ वॅटमध्ये साठ वॅटचा उजेड," म्हणाली,
आणि माझ्याकडे असं पाहिलं
जशी मी सगळ्या बेटाची थकबाकीदार.

एन्देल असता तर भांडला असता.
जुने बल्ब बंद होणार म्हणून कळलं त्या उन्हाळ्यात
त्यानं हीउमावरची तिन्ही दुकानं धुंडाळली,
एकेक बल्ब वर्तमानपत्रात गुंडाळला
आणि कोबी आंबवायच्या रांजणात रचला.
"मी मरेपर्यंत पुरतील."
हिशोबाचा पक्का माणूस.
सात उरले.

आधी वर्कशॉपमधल्या नळ्या उतरवल्या.
लेथवरच्या त्या दोन नळ्या गुणगुणायच्या,
आणि त्यांच्या थरथरीत, एका ठरावीक वेगाला,
फिरतं लाकूड थांबल्यासारखं दिसायचं,
अगदी गरीब, हात लाव म्हणणारं.
एन्देलच्या डाव्या तर्जनीचं टोक
अशाच एका थांबलेल्या लाकडाला भुललं होतं.

नवा दिवा लावला, खटका दाबला.
फिरणारं आता फिरताना दिसतं.
पटाशी हातातच राहिली माझ्या,
बर्चचा वाडगा घुमत होता
आणि मी नुसती बघत होते.

मग बाकीचंही दिसायला लागलं.
गुळगुळीत म्हणून फळीवर मांडलेले अकरा वाडगे,
प्रत्येकावर आडवे ओरखडे.
हे विकत होते मी?
फेरीबोटीतून उतरणाऱ्या भल्या माणसांना?
तुळईवर पेन्सिलीनं मांडलेली वजाबाकी,
सत्तेचाळीसातून बारा,
खाली रेघ, रेघेखाली काही नाही.
दिव्याखाली अंधार म्हणतात;
या दिव्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

घरात पहिल्या रात्री राईचा पाव निळसर दिसला,
आजाऱ्यासमोर ठेवल्यासारखा.
मारीकानं पिवळट जातीचे दिवे बदलून आणले. ठीक.
मांजर मात्र मेजावरच्या दिव्याखाली आलं,
बसलं, उठलं,
माझ्याकडे एकदा पाहून
चुलीमागे गेलं ते गेलंच.

एक दिवा शिल्लक होता,
तो विहिरीच्या पंपावरल्या खोपटात लावला.

जानेवारीत पारा उणे एकोणीस.
सकाळी नळ उघडला तर एक खोकला, मग गप्प.
शेजारचा उर्मस केस वाळवायचं यंत्र घेऊन आला,
गुडघ्यांवर बसून तासभर पाइप शेकत राहिला.
वर बघून म्हणाला,
"मोठे दिवे लावलेस, हेल्यू.
इथला बल्ब उजेडासाठी नव्हताच कधी."

एकतीस हिवाळे मी एन्देलला बोल लावले होते:
खोपटातला दिवा रात्रभर कुणासाठी जळतो?
तो म्हणायचा, "पाण्याला अंधाराची भीती वाटते."
मला वाटायचं, टाळतो आहे.
टाळतच होता म्हणा.
सरळ सांगितलं असतं
तर मी ऐकलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं.

रांजणातून एक काढला.
कागदावर बटाट्यांचे जुने भाव,
कुणाचा तरी हरवलेला कुत्रा.
फिरवून बसवला. पेटला
लालसर, आळशी, आत तारेचं वेटोळं.
हातमोजा काढून तळवा जवळ नेला
आणि जरा जास्तच वेळ तिथे ठेवला.
उर्मस यंत्राची वायर गुंडाळत होता,
त्यानं पाहिलं नाही, किंवा पाहिलं नसल्याचं दाखवलं.

महिन्याचं बिल आलं, निम्म्याहून कमी.
मारीकाला फोनवर आकडा वाचून दाखवला.
ती खूश झाली, "बघ, सांगितलं होतं ना!"
सांगितलं होतं, खरंच.
खोपटाचं काही मी बोलले नाही.

सहा उरले.